सावलीचा वाटा

सुपडूआप्पा स्वतःच्या झाडाखाली बसायला माझी परवानगी मागतात.

सुटीच्या दिवशी दुपारी मी वावरात असलो की बांधापलीकडून खाकरण्याचा आवाज येतो. आधी टोपी दिसते, मग आप्पा. झाड त्यांनी लावलेलं, पाणी त्यांनी घातलेलं, खोड त्यांच्या हद्दीत. पण दुपार कलली की त्या झाडाची सावली बांध ओलांडून माझ्या वावरात पडते. आप्पा बांधावर येऊन उभे राहतात, चपला काढतात आणि विचारतात, "मास्तर, तुमनी सावलीमा बठू का?"

एरवी ते मला 'तू'च म्हणतात. मी चड्डीवर, नाक पुसत फिरत होतो तेव्हापासून ओळखतात, मग काय म्हणणार? पण हा एक प्रश्न विचारताना मात्र 'तुम्ही'. आणि मी हो म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. एकदा मी फोनवर हेडमास्तरांशी बोलत होतो. बोलणं लांबलं, तेवढा वेळ हा माणूस सावलीपासून हातभर अंतरावर टळटळीत उन्हात उभा. नंतर मी रागावलो तर मलाच सुनावलं, "झाड मन्हं, सावली तुन्ही. दुसराना वस्तूवर न इचारता बठानं का?"

आता हा काय प्रकार आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरला ऊन लागलं.

आमचं वावर म्हसावदच्या शिवारात. मी शहाद्याला शाळेत शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ शेती करतो, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे शेती माझी बायको सुनंदा करते आणि मी सकाळ-संध्याकाळ तिथे असतो. आमच्या पश्चिमेला सुपडूआप्पांचं वावर. मधे बांध.

आमच्याकडे बांध ही भांडायची जागा आहे. नांगरताना हळूच एक तास, म्हणजे नांगराची ओळ, जास्त मारायचं, शेजाऱ्याचा बांध कोरायचा, पुढच्या वर्षी त्याने आपला कोरायचा, आणि मग दोघांनी मिळून तहसिलीच्या चकरा मारायच्या. सख्खे भाऊ एका मांडवात जेवायला बसत नाहीत ते या बांधापायी. आणि आप्पांनी काय केलं, तर बांध रुंद केला. तोही आपल्या बाजूने, आपली जमीन देऊन. लोक म्हणाले, सुपडूचं डोकं फिरलं. मग त्या रुंद बांधावर त्यांनी आंबे लावले, आंब्यांमधे साग, सागांमधे शेवगा, खाली सीताफळ आणि नाल्याच्या कोपऱ्यात बांबू. तोरणमाळला गेले होते तेव्हा महूचं, म्हणजे मोहाचं बी आणलं, तेही टोचलं. महू डोंगरातलं झाड, सपाटीवर कोण लावतं? आप्पा म्हणाले, "त्याले कोठे माहीत शे का हाई सपाटी शे?" महू आला.

झाडं वाढली आणि आमच्या कापसावर सावली यायला लागली. सावलीतला कापूस नुसता उंच होतो, बोंडं धरत नाही. माझे वडील, म्हणजे आबा, स्वभावाने तापट. ते सरळ बांधावर गेले, हातात कुऱ्हाड नव्हती एवढंच.

"सुपडू, तुन्ही सावली मन्हा कापूस खाई ऱ्हायनी. झाडे तोड, नहीते तुन्ही सावली उचली ले."

दुसरा कोणी असता तर शिवीला शिवी देऊन मोकळा झाला असता. आप्पांनी विचार केला. ते बोलणं त्यांना रास्तच वाटलं. पुढच्या दुपारी ते चुलीतली राख टोपल्यात भरून आले आणि आमच्या वावरात जिथवर सावली पडली होती तिथवर राखेची रेघ मारत सुटले. वाकून, सावलीच्या कडेकडेने. आबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"आबा, सावली उचलाले गवू, पन हातमा येत नई," आप्पा म्हणाले. "दुसराना वावरमा कोनी पेरं ते वाटा देस का नई? मी तुमना वावरमा सावली पेरी. मी वाटा देसू."

आबांनी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली होती, पण समोरचा असा वागला तर पुढे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी अट घातली: वाटा चुकला की झाडावर कुऱ्हाड. आप्पांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ती झाडं आमच्या घरी येणाऱ्या वाट्यावर उभी आहेत.

मोजणी दरवर्षी व्हायची. मी शाळेत लागल्यावर राखेच्या जागी मैदान आखायची चुन्याची फक्की आली, कारण आप्पांच्या मते राख वाऱ्याने उडते आणि हिशेबात खोट येते. मी एकदा त्यांना चिडवलं, "आप्पा, संध्याकाळी तर तुमची सावली पार चार वावरं ओलांडून जाते. त्या सगळ्यांना वाटा देणार का?" आप्पा गंभीर झाले. म्हणाले, "सांजनी सावली धरानी नई. ती सूर्यनी चूक शे."

वाटा आठवडी बाजाराच्या दिवशी यायचा. शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, सीताफळं, जे असेल ते पिशवीत. झाडांना काही नसेल तेव्हा दात घासायला निंबाच्या काड्या, नाहीतर एखादा बांबू खांद्यावर टाकून. एका वर्षी सगळा मोहर गळाला तर टोपलीभर वाळलेली पानं आणून ओतली खतासाठी. "आवंदा झाडेस्नी पानंच दिन्हात. नगद ते नगद."

पिशवी ठेवली की पहिलं वाक्य सुनंदाला, "सूनबाई, हाऊ वाटा शे, भेट नई. भेटले चहा लागस, वाटाले लागत नई." आणि मग चहा येईपर्यंत ओट्यावर ठिय्या. चहा बशीत ओतून प्यायचे. तो झाला की चौकशी, "मांगला आठोडाना शेंगा कडू ते नई निंघन्यात?" सुनंदा म्हणायची, "तुम्हीच चाखून सांगा ना आप्पा." मग ताट. शेंगा घातलेली डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा. आप्पा एक शेंग चोखायचे, डोळे मिटायचे, पुन्हा एक चोखायचे. भाकर संपायची, दुसरी यायची. शेवटी हात धुताना निकाल, "ठीक शे. पन पुढला आठोडाले अजून तपासनं पडी."

आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतेला आहे, मुलगी लग्न होऊन लांब. मुलगा चांगला आहे, न्यायला येतो. आप्पा एकदा गेलेही होते सुरतेला. पंधरवडाही न काढता परत आले. का, तर म्हणे, "तठे मोठमोठला बिल्डिंगी. सावली बक्कय शे. पन ती कोनानी ते समजत नई. बठानं ते इचारू कोनले?"

मधे सरकारची योजना आली. बांधावर झाडं लावा, रोपं घ्या, आणि जेवढी जगतील तेवढ्यांवर मदत. गावात एकदम सगळ्यांना झाडांचं प्रेम आलं. खड्डे झाले, रोपं लागली, शेळ्यांनी खाल्ली. पाहणीला कृषी सहायक मॅडम येणार असं कळलं तेव्हा आदल्या संध्याकाळी अर्धा गाव हातात कोयता घेऊन बांधावर. हिरव्या फांद्या तोडून तोडून रिकाम्या खड्ड्यांत खोचल्या. सकाळी शिवार बघावं तर डोळे निवावेत. एकाने घाईत शेवग्याच्या फांद्या खोचल्या. शेवग्याची फांदी कशीही खोचा, तिला फुटायचंच माहीत. त्या सगळ्या जगल्या. तो गृहस्थ पुढचं वर्षभर तोंड पाडून सांगायचा, "मन्हा तसा काही इचार नव्हता."

मॅडम आप्पांच्या बांधाशी आल्या. किती जगली, त्यांनी विचारलं.

"कोनती? तुमनी दिन्हेल का आपेआप उनेल?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "सगळीच सांगा ना आजोबा, तुमचाच फायदा आहे." आप्पा ऐकेनात. हे निंबाचं झाड पाखरांनी आणलं, ते बोरीचं शेळीने आणलं, ते मोजायचं नाही. "पाखरेस्नी लायेल शे. त्यासले द्या काय देवानं ते." मग मान तिरकी करून विचारलं, "मॅडम, सावलीवर काही मदत शे का? ऱ्हाई ते या मास्तरना नावे लावा." मॅडमनी डोक्याला हात लावला. जाता जाता मात्र कामाचं विचारलं, "बांधावरची झाडं आहेत, शेजाऱ्यांची हरकत नाही ना?"

मी तिथेच उभा होतो. आणि खरं सांगतो, मला चटकन 'नाही' म्हणता आलं नाही. आबा तोवर गेले होते. मी कापूस सोडून नुकतीच पपई लावली होती, सगळ्यांनी लावली म्हणून. आणि जो येईल तो सांगत होता, मास्तर, पपईला ऊन लागतं, ती झाडं आधी काढायला लावा. आप्पा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मास्तरनी हरकत ऱ्हाई ते मी तोडी टाकसू. वावर त्यानं शे."

मला आबांचा शेवटचा उन्हाळा आठवला. आबांना घरात कोंडल्यासारखं व्हायचं, वावरात न्या म्हणायचे. आम्ही खाट नेऊन त्याच आंब्याखाली टाकली, आमच्या बाजूला, सावलीत. मी शाळेत, सुनंदा कामात. आप्पा दुपारभर खाटेजवळ बसायचे, अर्थात आबांना विचारून. सावली सरकली की खाट सरकवायची. पुन्हा सरकली की पुन्हा. ज्या माणसाने कुऱ्हाडीची धमकी दिली त्याच्या अंगावर यांनी ऊन पडू दिलं नाही. एक दिवस आबा म्हणाले, "सुपडू, तुन्ही सावली बरी शे." आप्पा म्हणाले, "मन्ही कोठे, आबा? तुमनीच शे."

मी मॅडमना म्हटलं, "हरकत नाही." आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली.

त्यानंतरचा उन्हाळा आमच्या भागातला कोणी विसरणार नाही. पपईचं फळ पश्चिमेच्या उन्हाने भाजायला लागलं. सालीवर पांढरे चट्टे पडले की व्यापारी हात लावत नाही. मग लोकांनी फळांवर जुन्या साड्या बांधल्या, गोणपाट बांधलं. सारं शिवार साड्या नेसून उभं. बाजारात जुन्या साड्या मिळेनात, घरोघरी बायकांनी पेट्यांना कुलपं लावली. माझी नजर एकदा पेटीकडे गेली तर सुनंदाने किल्ली मंगळसूत्रात ओवली. पण बांधाकडच्या माझ्या पपईला चिंधीसुद्धा लागली नाही. नेमकं वाईट ऊन सुरू व्हायचं त्या वेळी आप्पांची सावली तिच्यावर येऊन उभी राहायची.

उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. पश्चिमेकडून, दुपारी, धुळीचं. पपईला काय मूळ असतं? रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. आम्ही दोघं वाऱ्याची झोड उतरताच पळत वावरात गेलो. बांधापासून लांबची, पूर्वेची पपई झोपली होती. बांधाकडचं अर्धं वावर उभं होतं. एका सागाचा शेंडा मोडला होता, आंब्याची एक मोठी फांदी बांधावर पडली होती. वारा त्यांनी अंगावर घेतला होता. सुनंदा तिथेच मातीत बसली आणि तिने बांधाकडे बघून हात जोडले. ज्या सावलीचा आम्ही इतकी वर्षं वाटा खाल्ला, तिनेच आमचं वर्ष वाचवलं होतं.

उपकार फेडायची माझी एक मास्तरी पद्धत आहे, ती म्हणजे सत्कार. मी टॉवेल-टोपी आणली, नारळ आणला, पपयांची टोपली भरली आणि मारुतीच्या ओट्यावर चार माणसांसमोर आप्पांना बसवलं. टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. भाषणही केलं. म्हटलं, "आप्पा, आजपासून सावलीचा वाटा बंद. झाडं कायमची राहतील आणि सावलीही तुमचीच. देणं लागत असेन तर मीच तुमचं लागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलची दशी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

बाजाराचा दिवस आला. सुनंदाने भाकरीचं पीठ नेहमीसारखं जास्त मळलं. आप्पा आले नाहीत. पुढच्या बाजारालाही नाहीत. मला वाटलं, बरं नसेल. शाळेतून आल्यावर वावरात गेलो तर आप्पा होते, पण त्यांच्या बाजूला. घमेलं पालथं घालून खोडाला टेकून बसले होते. सावली सगळी माझ्या वावरात आणि आप्पा उन्हात, पश्चिमेकडे तोंड करून.

"आप्पा, इकडे या की सावलीमा."

"बठसू ना कव्हय बी," ते म्हणाले. "मन्हीच शे ना आते." आणि उठले नाहीत.

मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं, म्हातारा रुसलाय बहुतेक, सत्कारात काही कमी पडलं असेल. सुनंदा नाशिककडची, तिचं बोलणं थोडकं आणि नेमकं.

"तुम्ही त्यांचा वाटा नाही माफ केला," ती म्हणाली. "त्यांचं येणं माफ केलं."

मी ताटावरून मान वर केली.

"घरी कोण आहे त्यांना? एका ताटासाठी इतकी वर्षं पिशव्या वाहिल्या त्या माणसाने. रिकाम्या हाताने जेवायला येणाऱ्यातले आहेत का ते? आणि तुम्ही टॉवेल देऊन मोकळे झालात."

भाकर ताटात तशीच राहिली. आम्हाला वाटायचं, वाटा देऊन आप्पा झाडं राखतायत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फक्कीची पिशवी घेतली आणि थेट आप्पांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून सकाळची खिचडी खात होते, थंडगार. मी बसलो नाही. आवाज जमेल तेवढा आबांसारखा केला.

"आप्पा, मन्ही हरकत शे."

त्यांनी घास थांबवला.

"आंबा आवंदा पसरना. सावली मन्हा वावरमा लई पुढे ऊनी. पपईले तरास शे. वाटा माफ व्हवाव नई."

आप्पांनी मला खालून वर न्याहाळलं. मी पिशवीकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर माझं नाटक तिथेच संपलं असतं.

"तूच ते टावेल-टोपी दिन्ही," ते म्हणाले.

"टावेल परत मांगत नई. वाटा मांगस."

"मोजनं पडी," आप्पा म्हणाले. ताटली बाजूला सारून ते उठलेसुद्धा. "मास्तर लोकेस्नी नजर मोठी ऱ्हास. तुन्हा सांगावर मी इसवास ठेवाव नई." आत जाऊन टोपी घालून आले. ती नवीच होती, घडीचे मोड तसेच.

वावरात त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. वाकले आणि रेघ मारायला लागले. मधेच थांबून आंब्याकडे बघायचे, मान हलवायचे, "पसरना बरं का, पसरना," म्हणायचे आणि पुढे. सावलीची कड संपली तरी आप्पा थांबेनात. रेघ पपईच्या पुढच्या रांगेत गेली, तिच्याही पुढच्या रांगेत गेली, चांगली उन्हात.

"आप्पा, सावली इठेच सरनी."

"माले दिखस," ते म्हणाले. "फक्की उरनी व्हती."

पिशवी झटकून झाल्यावर ते बांधावर परत गेले, त्यांच्या बाजूला. चपला काढल्या. खाकरले. उन्हात उभे राहिले.

"मास्तर, तुमनी सावलीमा बठू का?"

मी रेघ ओलांडून सावलीत आलो.

"बठा आप्पा," मी म्हटलं. "पन रोज इचारत जा."